स्प्लेंडर आयडलिंगला गचके देते, मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट. कार्बोरेटर बदलण्याआधी घरी काय काय तपासावं?

भातखाचर (संगमेश्वर)

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची स्प्लेंडर प्लस, ९७.२ सीसी, कार्बोरेटरवाली. रनिंग ६८,००० किमी. जूनअखेर तीन आठवडे पडवीत उभी होती, एका बाजूने पाऊस लागत होता. त्यानंतर सुरू झालेला त्रास असा:

थंड असताना चोक ओढून दुसऱ्या-तिसऱ्या किकला सुरू होते. चोक आत ढकलला की आयडलिंग वरखाली होतं आणि मिनिटभरात बंद पडते. गरम झाल्यावर थोडी बरी चालते, पण थांब्यावर मूठ सोडली की बंद. तिसऱ्या-चौथ्या गिअरला २५ ते ३५ च्या वेगात मूठ एका जागी धरली की गचके बसतात. ५० च्या वर मात्र नीट ओढते. उतारावर मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. अॅव्हरेज ६५ वरून ५५ च्या आसपास आलं आहे.

प्लग नवीन टाकला, फरक नाही. एअर फिल्टर काढून बघितला, कोरडा आणि साफ आहे. ऑइल महिन्यापूर्वीच बदललं आहे. गॅरेजवाले म्हणतात कार्बोरेटर संपला, नवीन टाका. घरी पाने आहेत, फीलर गेज आहे, मल्टिमीटर आहे. कार्बोरेटर यापूर्वी कधी उघडलेला नाही. कुठल्या क्रमाने जाऊ?

---

दहा_बाराचा_पाना (कोल्हापूर)

तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे अर्धं काम झालं आहे. ‘५० च्या वर नीट ओढते’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

या कार्बोरेटरमध्ये मूठ किती उघडली त्यावर पेट्रोल कुठल्या वाटेनं जातं ते ठरतं. बंद मुठीपासून साधारण एक अष्टमांशापर्यंत पायलट जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. तिथून पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या (मुठीबरोबर वरखाली होणाऱ्या नळकांड्याच्या) खालच्या कापाचा प्रभाव. पाव ते पाऊण सुई आणि तिची क्लिप. त्यापुढे मेन जेट. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या स्थिर भागावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा करा, शून्य, पाव, अर्धी, पूर्ण. मग गचका नेमका कुठल्या खुणेवर बसतो ते बघा. वेग बघून अंदाज करू नका, कारण चढावर ३० ला मूठ जास्त उघडी असते आणि सपाटीला कमी.

तुमचा त्रास बंद मुठीपासून पाव मुठीपर्यंतच आहे, म्हणजे पायलटच्या वाटेवर. आयडलिंग टिकत नाही, चोकशिवाय जगत नाही आणि मूठ सोडल्यावर फटफट, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मिश्रण पातळ होतंय असं समजा, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पातळ मिश्रण सिलेंडरमध्ये दरवेळी पेट घेत नाही. न जळलेलं तसंच सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेनं पेटतं, तोच फटफट आवाज.

खात्री करायला एक पैसाही लागत नाही. इंजिन गरम असताना, आयडलिंग डगमगत असताना चोक हळूहळू अर्धा ओढा. आयडलिंग सुधारलं तर मिश्रण पातळ. आणखी बिघडून भसभस करत बंद पडली तर मिश्रण आधीच जाड आहे, मग शोध उलट्या दिशेनं घ्यायचा: गळणारी फ्लोट सुई (कार्बोरेटरच्या वाटीत येणारं पेट्रोल थांबवणारी), भरलेला फिल्टर, अडकलेला चोक.

पातळ निघालं तर कारणं दोनच. एक तर पेट्रोल कमी येतंय, नाहीतर हवा चुकीच्या जागेतून शिरतेय. कार्बोरेटर उघडण्याआधी पुढचं सगळं करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम केल्या तर गाडी सुधारेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि पुढच्या पावसात पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल.

स्पार्क. नवीन प्लग टाकला म्हणजे स्पार्क चांगला, असं होत नाही. प्लगच्या नावाचा शेवट ९ ने होत असेल तर गॅप ०.९ मिमीपर्यंत, साध्या सी७एचएसए जातीच्या प्लगला ०.६ ते ०.७. फीलरने मोजा, नवीन खोक्यातलेही कधी कधी आपटून दबलेले असतात. प्लग काढून कॅपमध्ये घाला आणि त्याचे आटे हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून किक मारा. प्लग अधांतरी धरून किक मारायची नाही. स्पार्कला वाट मिळाली नाही तर तो दाब कॉइल आणि सीडीआय या स्पार्कच्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर येतो. प्लगच्या उघड्या भोकाजवळ पेट्रोलची वाफ नको, म्हणून ही तपासणी कॉक बंद करून आणि पेट्रोलचं भांडं लांब ठेवूनच करा. कॅप वायरवरून पिळून काढा आणि मल्टिमीटरने दोन टोकांत मोजा, साधारण ५ किलोओहम यायला हवेत. १० च्या पुढे गेलं किंवा आकडा नाचत राहिला तर कॅप बदला, स्वस्त वस्तू आहे. कॅपच्या आत हिरवट थर असेल तर वायरचं टोक पाच मिलिमीटर कापून कॅप पुन्हा पिळून बसवा. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरवर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. बाहेर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या तर वायर किंवा कॅप गेली.

पाणी. कोकणात आणि तेही पावसाळ्यात मी हे आधी बघेन. फ्लोटच्या वाटीच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या नळीखाली पारदर्शक बाटली धरा, कॉक चालू ठेवून १०० मिलि पेट्रोल काढा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर, थेंब किंवा धुरकटपणा दिसला तर पाणी गेलेलं आहे. त्याच वेळी धार बघा. सलग धार यायला हवी. सुरुवातीला धार आणि मग ठिपठिप, असं झालं तर टाकीचं झाकण उघडा. उघडताच धार वाढली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. नाही वाढली तर कॉकची जाळी.

चोरटी हवा. कार्बोरेटर आणि हेडमधल्या मॅनिफोल्डवर काळा इन्सुलेटर असतो, त्याच्या तोंडाशी ओ-रिंग. बारा वर्षांत ती चपटी आणि कडक होते. इंजिन आयडलिंगला ठेवा, साबणाचं दाट पाणी ब्रशने दोन्ही सांध्यांवर चोपडा. पाणी फटीत ओढलं जाऊन क्षणभर ती बंद करतं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. चढेल, स्थिर होईल किंवा पडेल, पण बदलेल. पुष्कळ जण यासाठी कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल मारतात. गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर असताना ते करू नका. साबणपाण्याने हे काम भागतं.

सगळं उघड्या अंगणात करा. बंद पडवीत इंजिन चालू ठेवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. शेजारी वाळूची बादली असू द्या.

---

गरम_हेड (नाशिक)

वरचं सगळं पटलं, पण टॅपेट, म्हणजे वॉल (व्हॉल्व्ह) आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट, राहून गेला. ६८,००० किमीवर तो बघितल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावू नये असं माझं मत आहे, कारण घट्ट टॅपेटची लक्षणं अशीच दिसतात आणि मग माणूस विनाकारण जेट धूत बसतो.

होतं असं की एक्झॉस्ट वॉल आणि त्याची सीट झिजत जातात, वॉल हळूहळू हेडमध्ये वर सरकतो आणि रॉकरमधली फट कमी होते. त्यामुळे टॅपेट वाजतही नाही. आवाज येत नाही म्हणून लोक निश्चिंत राहतात. वाजणारा टॅपेट कान खातो, पण घट्ट टॅपेट वॉल जाळतो. इंजिन गरम झालं की वॉलची दांडी वाढते, वॉल पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. जास्त वेगात ते जाणवत नाही. आयडलिंगला मात्र गाडी टिकत नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभी असलेली गाडी. प्लग काढा. हेडवरच्या दोन्ही टॅपेट टोप्या १७ च्या रिंग पान्याने उघडा. पाना नीट बसवा, टोपी मऊ असते, कोपरे लगेच गोल होतात. मॅग्नेटच्या (क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकाच्या) कव्हरवरची छोटी टोपी उघडली की खाचेतून मॅग्नेटवरच्या खुणा दिसतात. डबल स्टँडवर चौथा गिअर टाका आणि मागचं चाक चालण्याच्या दिशेनं हाताने हळू फिरवा, इंजिन आपोआप बरोबर दिशेला फिरतं. ‘टी’ खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) खाचेसमोर आणा.

इथे एक चूक हमखास होते. टी खूण प्रत्येक फेरीला येते, पण कॉम्प्रेशन एक फेरी सोडून येतं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा. अंगठा बाहेर ढकलला जातो त्या फेरीतली टी खूण खरी. पडताळा म्हणजे त्या स्थितीत दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात. एक ताठ असेल तर अजून एक पूर्ण फेरी.

या जुन्या आडव्या इंजिनात थंड असताना दोन्ही वॉलना ०.०५ मिमी ठेवतात. गाडीसोबतच्या पुस्तकातला आकडा एकदा ताडून घ्या. फीलरची पट्टी रॉकर आणि वॉलच्या दांडीमध्ये सरकवल्यावर हलकी ओढ लागली पाहिजे, लोण्यातून सुरी गेल्यासारखी मोकळी नको आणि जोर लावावा लागेल अशीही नको. लॉकनट ९ चा. टॅपेट स्क्रूचं चौकोनी डोकं टॅपेटच्या चावीने धरून ठेवून नट आवळा, कारण नट आवळताना स्क्रू बरोबर फिरतो आणि फट बदलते. म्हणून नट आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघणं सोडू नका. टोप्यांच्या ओ-रिंग कडक झाल्या असतील तर बदला, नाहीतर हेडवर ऑइल पाझरेल.

फट बरोबर करूनही शंका राहिली तर कॉम्प्रेशन मोजा. गेजला १० मिमी आट्याचा अडॅप्टर लागतो. इंजिन गरम, मूठ पूर्ण उघडी, सहा-सात दमदार किक. मूठ बंद ठेवून मोजलं तर आकडा खोटा कमी येतो. १० किलोच्या (दर चौरस सेंटिमीटर) वर असेल तर इंजिनाकडे सध्या बघू नका. ८ च्या खाली आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिलि इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगमध्ये. तसाच राहिला तर वॉल.

---

रिझर्व्ह

एक छोटी गोष्ट. फटफट फक्त मूठ सोडल्यावर येत असेल तर सायलेन्सर हेडला जिथे बसतो तिथलं पॅकिंगही बघा. तिथे गळती असली की मूठ सोडल्यावर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण ठीक असूनही फटफटतं. थंड इंजिन सुरू करून सांध्याजवळ हात धरा (टेकवू नका), फुंकर जाणवते. काळा काजळीचा पट्टा असेल तर तीच खूण. नट दोन्ही बाजूंनी आलटून पालटून आवळा, एकच बाजू घट्ट केली तर पॅकिंग तिरकं दबतं.

---

भातखाचर

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत एकेक करून केलं, निकाल लिहितो.

चोक अर्धा ओढल्यावर आयडलिंग एकदम स्थिर झालं. पूर्ण ओढल्यावर भसभस.

प्लग कॅप ५.१ किलोओहम. गॅप ०.७, प्लग सी७एचएसए. रात्री फवारा मारून ठिणगी कुठे दिसली नाही.

वाटीतून काढलेल्या पेट्रोलमध्ये तळाला बोटभर थर, किंचित पिवळसर, वरचं पेट्रोल धुरकट. धार मात्र सलग आहे, झाकण उघडल्यावर फरक नाही.

साबणपाणी हेडकडच्या सांध्यावर लावलं, काही नाही. कार्बोरेटरकडच्या सांध्यावर लावलं तेव्हा आवाज स्पष्ट बदलला, दोनदा करून बघितलं.

टॅपेट: इनटेकला ०.०५ ची पट्टी बरोबर ओढीने गेली. एक्झॉस्टला ०.०५ शिरलीच नाही, ०.०३ ची अडकत गेली. दोन्ही ०.०५ ला करून घेतले. त्यानंतर गरम असताना थांब्यावर बंद पडणं थोडं कमी झालं, गचके तसेच.

सायलेन्सरचा सांधा कोरडा आहे, गळती नाही.

म्हणजे पाणी, चोरटी हवा आणि टॅपेट, तिन्ही निघाले. आता कार्बोरेटर उघडायचा का? आणि टाकीतलं पाणी कसं काढायचं? टाकीत साधारण पाच लिटर पेट्रोल आहे.

---

आयडल_चौदाशे (पुणे)

टाकी आधी. ती साफ न करता कार्बोरेटर धुतलात तर दोन दिवसांत पुन्हा तेच.

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं असतं. इथेनॉल पाणी स्वतःत सामावून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलबरोबर जळून जातं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. तुमचा बोटभर थर म्हणजे नुसतं पाणी नाही, पाणी आणि इथेनॉल दोन्ही. म्हणून तो हिशेबापेक्षा जास्त दिसतो. त्यामुळे वरचं स्वच्छ दिसणारं पेट्रोलही वापरू नका. त्यातलं इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन उतरलेला असतो. पाचही लिटर बदला. काढलेलं गटारात किंवा विहिरीच्या आसपास ओतायचं नाही. पत्र्याच्या झाकणबंद डब्यात भरून गॅरेजवाल्यांकडे द्या.

नुसता कॉक रिझर्व्हला ठेवून टाकी रिकामी केली तर तळाचं पाणी आत राहतं. कॉकच्या आतल्या नळ्या तळापासून थोड्या वर उभ्या असतात, रिझर्व्हचं तोंडसुद्धा तळाला टेकलेलं नसतं. त्याच्याखाली पाणी डबक्यासारखं बसतं आणि खड्ड्यात उसळलं की कार्बोरेटरमध्ये जातं. त्रास कधी जास्त कधी कमी का वाटतो, ते यावरून कळेल. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, सीट काढा, टाकी उतरवा, कॉकच खोला आणि टाकी त्या कोपऱ्यावर तिरकी करून ओता. अर्धा लिटर ताजं पेट्रोल घालून हलवून पुन्हा ओता. गंजाचे कण पडत असतील तर कण थांबेपर्यंत हेच. कॉकची जाळी ब्रशने साफ करा, कॉकची ओ-रिंग नवीन घाला. टाकीच्या झाकणाचं रबर तडकलेलं असेल तर पाणी तिथूनच गेलं आहे, ते आधी बदला.

आता कार्बोरेटर. हो, उघडायचा, पण बदलायची गरज मला दिसत नाही.

वाटीचे स्क्रू जपानी चारफुलीचे असतात, डोक्यावर बारीक ठिपका असतो. साधा फिलिप्स त्यात घसरतो आणि डोकं खातो. त्या मापाचा ड्रायव्हर मिळाला तर उत्तम, नाहीतर टोक पूर्ण तळाला टेकेल असाच घ्या, मागे हातोडीने दोन हलके ठोके द्या आणि मग दाबून फिरवा. उघडण्याआधी प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढा.

मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे गेले ते मोजून कागदावर लिहा. जोराने आवळायचा नाही, टोक सुईसारखं असतं, दबलं की भोक कायमचं मोठं होतं. स्क्रूबरोबर स्प्रिंग, बारीक वायसर आणि ओ-रिंग येते. ओ-रिंग बहुतेक वेळा आतच चिकटते आणि स्प्रेच्या फवाऱ्यात उडून हरवते. आधी ती काढून बशीत ठेवा. फ्लोटची सुई आणि सगळे रबरी भाग बाहेर काढल्याशिवाय कार्ब क्लीनर मारू नका, रबर फुगतं.

पायलट जेट पितळी आणि मऊ असतो. ड्रायव्हरचं पातं खाचेच्या पूर्ण रुंदीचं हवं. काही कार्बोरेटरमध्ये तो ठोकून बसवलेला असतो, फिरत नाही. तसा असेल तर जबरदस्ती नको, जागेवरच साफ करा. निघाला तर उजेडाकडे धरून बघा. भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, आरपार गोल उजेड दिसायला हवा. तुमच्या पाण्याच्या थरावरून आत पांढरट-हिरवट खार धरला असणार. स्टीलची तार, टाचणी, सुई काहीही घालू नका. बारीक तारांच्या वायरमधला तांब्याचा एकच धागा चालतो. आधी क्लीनरमध्ये अर्धा तास भिजवा, मग धागा, मग हवा. सायकलचा पंप पुरतो.

जेट साफ झाला म्हणजे वाट साफ झाली असं नाही, आणि अर्धे लोक इथेच फसतात. जेटच्या जागेत क्लीनरची नळी लावून फवारा मारा. स्लाइडच्या इंजिनाकडच्या बाजूला बोअरमध्ये एक-दोन बारीक भोकं आहेत, तिथून आणि मिश्रणाच्या स्क्रूच्या जागेतून सुतासारखी सरळ धार यायला हवी. फिल्टरच्या बाजूने पायलटची हवा घेणारं भोक असतं, तिथूनही मारा. डोळ्यांवर गॉगल लावूनच, कारण धार कुठल्या भोकातून उलटी येईल सांगता येत नाही.

चोरट्या हवेसाठी नवीन ओ-रिंग आणा, शिवाय कार्बोरेटरचं तोंड जाड काचेवर टेकवून बघा. वर्षानुवर्षं दोन बोल्ट ताकदीने आवळले की मधला भाग फुगून कडा वाकतात. काच डुलत असेल तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून तोंड आठच्या आकड्यात हळू फिरवा, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंतच. नंतर बोल्ट आलटून पालटून, अर्धा-अर्धा फेरा.

फ्लोटची उंची बदलू नका. जोडल्यावर ड्रेनला पारदर्शक नळी लावून ती वर वाकवा, स्क्रू उघडा. नळीतलं पेट्रोल वाटीच्या सांध्याच्या जवळपास थांबलं तर पातळी ठीक. चढतच राहिलं तर सुई बसत नाही.

---

दहा_बाराचा_पाना

जोडल्यावरच्या ट्यूनिंगचं मी लिहितो.

मिश्रणाचा स्क्रू नेमका कुठे आहे ते आधी बघा. स्लाइडच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, बाहेर फिरवला की मिश्रण जाड. फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, बाहेर फिरवला की पातळ. एकाच्या सूचना दुसऱ्याला लावल्या की दिवसभर उलटं फिरवत बसावं लागतं.

आधी लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवरच सुरुवात करा. आकडा हरवला तर दीड फेऱ्यावर. पाच किमी चालवून इंजिन गरम करा, आयडलचा स्क्रू थोडा वर ठेवा. मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, दहा सेकंद थांबायचं, ऐकायचं. इंजिन ज्या जागी सगळ्यात जलद आणि एकसारखं चालतं ती जागा सापडली की आयडलिंग १४०० च्या आसपास उतरवा आणि एकदा पुन्हा पाव-पाव करून खात्री करा. स्प्लेंडर प्लसला आरपीएम काटा नसतो. प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा मीटर मिळतो, तो घेतलात तर ‘प्रत्येक फेऱ्याला एक स्पार्क’ या सेटिंगवर ठेवा. चार-स्ट्रोक म्हणून ‘दोन फेऱ्यांना एक’ निवडलं तर आकडा दुप्पट दिसतो, कारण या इग्निशनमध्ये एक्झॉस्टच्या फेरीलाही स्पार्क पडतो.

शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा. म्हणजे २०१२ च्या सेटिंगवर आजचं पेट्रोल आपोआपच थोडं पातळ चालतं. जुन्या फेऱ्यांपेक्षा पाव ते अर्धा फेरा जाड बाजूला जागा सापडली तर तो दोष समजू नका. पण स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे न्यावा लागला तर पायलटची वाट अजून पूर्ण उघडलेली नाही किंवा हवा अजून शिरतेय.

प्लगचा रंग बघायचा तर आयडलिंगवर ठेवून बघू नका. सपाट रस्त्यावर दोन किमी एकाच मुठीने चालवा, क्लच दाबून तिथेच चावी बंद करा, मग काढा. फिका बदामी चांगला, खडूसारखा पांढरा आणि कोरडा म्हणजे अजून पातळ. आताच्या पेट्रोलवर रंग पूर्वीपेक्षा फिकाच येतो, गडद विटकरी येण्याची वाट बघत मिश्रण जाड करत जाऊ नका.

---

भातखाचर

झालं. टाकीतून काढलेल्या तळाच्या पेट्रोलमध्ये जवळपास पाव लिटर पाण्याचा थर होता, झाकणाचं रबर दोन ठिकाणी चिरलेलं निघालं. पायलट जेटमधून उजेड दिसत नव्हता, भिजवून तांब्याच्या धाग्याने मोकळा केला. इन्सुलेटरची ओ-रिंग चपटी आणि कडक होती, बदलली. काचेवर तोंड डुललं नाही. आधी फक्त टाकी आणि जेट करून चालवली, गचके गेले पण आयडलिंग किंचित वरखाली होत होतं. मग ओ-रिंग घातल्यावर तेही गेलं. मिश्रणाचा स्क्रू जुन्या जागेपासून पाव फेरा जाड बाजूला आला आहे. चोक सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात आत जातो.

एकच राहिलं आहे. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की आयडलिंग चढतं.

---

गरम_हेड

ती एक्सलेटरची केबल. कार्बोरेटर परत बसवताना ती टाकीखाली जुन्या वाटेने न जाता कुठेतरी ताणली गेली आहे. टाकी उचलून उतरवण्याआधीच्या फोटोशी ताडून बघा, बहुतेक स्टीअरिंगच्या मानेशी चुकीच्या बाजूने गेली असेल. वाट बरोबर केल्यावर मुठीच्या कडेवर २ ते ६ मिमी मोकळी हालचाल ठेवा आणि अॅडजस्टरचा लॉकनट आवळा. मग इंजिन आयडलिंगला ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवा, आवाज जराही बदलता कामा नये. हे होईपर्यंत घाटात गाडी नेऊ नका, वळणावर मूठ आपोआप उघडल्यासारखं होतं.